तव्यावर बांधलेला लोड

निजामपुरा, बडोदे
१० नोव्हेंबर २०२५

शुभंकर,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, कारण पुढे सगळी तक्रारच आहे.

पत्र बघून दचकू नकोस, तुझी आत्या चांगली धडधाकट आहे. फोन करत नाही, कारण तू ऑफिसातून सुटतोस तेव्हा विहंग शेजारच्या खोलीत असतो. त्या ऑनलाइन फसवणुकीच्या भानगडीनंतर त्याने माझं व्हॉट्सअ‍ॅपही स्वतःच्या कॉम्प्युटरवर जोडून घेतलंय. मी कुणाला नुसतं सुप्रभात पाठवलं तरी चिरंजीवांना कळतं. पोस्टमन मात्र दुपारी येतो, तेव्हा घरात मी एकटी असते.

तर माझी स्कूटर. बॅटरीवरची, पंचवीसच्या वर पळत नाही म्हणून लायसन्स लागत नाही ती. तुझे काका गेल्यावर मी हट्टाने घेतली, तुला आठवत असेल. गेल्या महिन्यात फतेगंजातून भाजी घेऊन येताना घराच्या अगदी अलीकडे, चार रस्त्यावर, म्हणजे आमच्या चौकात, भर गर्दीत ती बंद पडली. मागे डंपर, बाजूला रिक्षा, सगळे भोंगे माझ्या नावाने. एका भल्या माणसाने ढकलत कडेला आणली आणि वर विचारलं, ‘मासी, चार्ज करवानुं भूली गया?’ मी काही भुलत नाही. सकाळपर्यंत चार्जिंगला होती.

विहंग न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक झालेला. त्या दिवसापासून किल्ली त्याच्या कपाटात. म्हणतो, आई, तू विसरायला लागलीस, आता हे तुझ्याच्याने होणार नाही, मी महिन्याचा रिक्षावाला लावून देतो. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं की स्कूटर विकायची, असं त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी सांगूनही झालंय. अवंती एक अक्षर बोलली नाही. सून शेवटी नवऱ्याच्याच बाजूची असणार.

दुसरी किल्ली माझ्याकडे आहे, हे त्याला ठाऊक नाही. पण मी चोरून चालवणार नाही, चालवीन ती त्याच्या देखत. मला फक्त सिद्ध करायचंय की बॅटऱ्या खराब आहेत आणि माझं डोकं ठिकाणावर आहे. दुकानदाराकडे जाऊन आले, तर त्याने मीटर टेकवून ‘बेन, फुल छे’ म्हणत वाटेला लावलं. तू नाशिकला कंपनीत पॉवर सप्लाय तपासतोस ना? बॅटरी खरोखर किती चालते हे घरच्या घरी मोजता येतं का? येत असेल तर मला समजेल असं लिही. तुझे बाबा रेडिओ खोलून बसायचे तेव्हा मी तासन्‌तास शेजारी बसून बघायचे, पण सोल्डरिंगला म्हणून हात लावू दिला नाही कधी. आता बघते कोण अडवतं.

मंदाआत्या


नाशिक
१६ नोव्हेंबर

अगं आत्या,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत उघडलं आणि डबा तसाच राहिला. पंधरा वर्षं मी हे काम करतो, आजवर घरातल्या कुणीही मला ‘तू नेमकं करतोस काय’ असं मनापासून विचारलेलं नाही. तू विचारलंस आणि वर स्वतः बनवायला निघालीस. मी खूश आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

दुकानदार खोटं बोलला नाही, पण त्याला काही कळलंही नाही. नुसत्या बसलेल्या बॅटऱ्या सगळ्याच ठणठणीत दिसतात. कामाला जुंपल्यावर खरं काय ते कळतं. तू म्हणशील, मग एक बल्ब लावते. लाव, पण बॅटरी उतरली की बल्ब मंद होतो, कमी ओढायला लागतो आणि हिशेब कोलमडतो. आपल्याला असं यंत्र हवं, जे ठरवून दिलेला करंट पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेवढाच ओढेल. त्याला इलेक्ट्रॉनिक लोड म्हणतात. आमच्याकडचा कपाटाएवढा आहे, पण तुझ्या कामापुरता घरी होतो.

आतलं काम असं. मॉसफेट नावाचा तीन पायांचा भाग असतो, तो म्हणजे नळ. नळातून आलेला करंट एका जाडजूड रेझिस्टरमधून जातो, आणि करंट जितका जास्त तितकं त्या रेझिस्टरवर व्होल्टेज जास्त. आठ पायांची एक चिप त्या व्होल्टेजवर नजर ठेवून असते. तू गोल बटण फिरवून तिला पाच अँपिअर सांगायचं. करंट कमी पडला की ती नळ उघडते, जास्त झाला की आवळते. बॅटरी दमत जाते, पण धार बदलत नाही. पाच अँपिअर जितके तास टिकले त्याला पाचाने गुण, ती बॅटरीची खरी ताकद.

तुझ्या स्कूटरमध्ये बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतील, प्रत्येकीवर चोवीस अँपिअर-अवर लिहिलेलं असेल. एकेक बाहेर काढून तपास. तब्येत चांगली असेल तर साडेचार तासांच्या आसपास टिकायला हवी. साडेदहा व्होल्टला उतरली की लगेच थांबव, त्याखाली गेली तर कायमची दुखावते. ओढलेली सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून दोन मॉसफेट घे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या जाड पत्र्यावर घट्ट आवळून बसव, वर पंखा सोड. आकृती सोबत आहे. काही अडलं तर अंदाजाने पुढे जाऊ नकोस, मला लिही.

शुभंकर


निजामपुरा
२८ नोव्हेंबर

शुभंकर,

झालं. चालतंय. आता क्रमाने सांगते.

शटल रिक्षाने, म्हणजे सीटवारी जाते त्या रिक्षाने, जाऊन सामान आणलं. दुकानातल्या भाईने तुझी आकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, ‘दीकराना प्रोजेक्ट माटे?’ मुलासाठी नेतेय, असं वाटलं त्याला. मी म्हटलं, ‘ना, मारा माटे.’ त्यावर त्याने मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि एक मॉसफेट जास्तीचा दिला. म्हणाला, पहिला जळतोच. त्याचं तोंड गोड, पण शब्द कडू निघाले, ते पुढे येईलच.

अ‍ॅल्युमिनियमचा जाड पत्रा मिळेना. मग स्वयंपाकघरातच नजर गेली. आपला तो नॉनस्टिक तवा, अ‍ॅल्युमिनियमचाच, ज्याचं काळं केव्हाच उडून गेलंय आणि ज्यावर डोसा उलटत नाही, तो पाठीमागून घासून लखलखीत केला. शेजारच्या गोविंदरावांकडे ड्रिल आहे. कशाला हवंय हे न सांगता त्यांच्याकडून भोकं पाडून घेतली. तव्याला भोकं पाडून घेणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी, पण माणूस सभ्य, काही बोलले नाहीत. संध्याकाळी अवंतीने तवा कुठे गेला म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोडीत दिला. नाहीतरी मी काम करते त्या गच्चीच्या खोलीत मोडीचंच सामान असतं.

सोल्डरिंगचे पहिले टाके साबुदाण्याएवढे झाले. बोट दोनदा भाजलं. तिसऱ्या दिवशी मात्र हात बसला, आणि काय सांगू, ते चांदीसारखं पाणी वायरीभोवती सरकन पसरतं ना, ते बघत मी जेवायचं विसरले. तुझ्या बाबांनी एवढं सुख एकट्याने उपभोगलं याचा मला राग आला, खरंच.

दुसऱ्या किल्लीने स्कूटरची सीट उघडून एक बॅटरी वर आणली, पण पहिल्यांदा जोडली तर काहीच होईना. मग एका मॉसफेटचे दोन पाय उलटे जोडलेले दिसले आणि तेवढ्यात तो जळून गेला, दुकानदाराच्या शब्दाला मान देऊन. जास्तीचा होता तो लावला, बटण हळूहळू फिरवलं. मीटरवर एक, दोन, साडेतीन, आणि पाच. मी हात बाजूला केला. पाचच. पंखा लावला, तरी पाच. मी खोलीत तीन चकरा मारून आले, तरी पाच. शुभंकर, मी बनवलेली वस्तू माझं ऐकत होती. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी ऐकलं.

उद्यापासून खरी तपासणी. चार बॅटऱ्या, रोज एक.

मंदाआत्या


नाशिक
४ डिसेंबर

आत्या,

तव्याचं वाचून मी ऑफिसात मोठ्याने हसलो. आमच्या साहेबांनी विचारलं म्हणून त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते आधी हसले, मग कागद घेऊन तव्याचं क्षेत्रफळ काढत बसले आणि म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, पंख्यासह एवढी उष्णता आरामात निघून जाईल. आता इथे सगळेजण तुझ्या निकालाची वाट बघतायत.

तपासणी चालू असताना खोली सोडून जाऊ नकोस. वाचायला काही घेऊन बस.

शुभंकर


निजामपुरा
१२ डिसेंबर

शुभंकर,

जिंकले. चारही बॅटऱ्या बाद. साडेचार तासांच्या जागी जेमतेम अडीच तास, आणि चौघींची तीच गत. मी म्हणत होते ना?

मग मी कुणापासून लपवत बसले नाही. रविवारी विहंग घरी होता, त्याला गच्चीच्या खोलीत बोलावलं. आधी त्याला तवा दिसला, मग पंखा, मग वायरी. शॉक लागला असता तर, असं काहीतरी सुरू करणार होता, पण मी बटण फिरवलं आणि मीटरकडे बोट दाखवलं. तोही इंजिनिअरच आहे, केमिकलचा का असेना. खाली बसला. हे कुठून आणलंस म्हणाला. बनवलं, म्हटलं. कितीतरी वेळ तो त्या टाक्यांवर वाकून बघत होता. लहानपणी नवीन खेळण्यावर वाकायचा तसाच, अगदी.

शेवटी म्हणाला की बॅटऱ्याच गेलेल्या असतील तर तुझी काही चूक नाही, माझंच चुकलं. विकत घेणाऱ्याला त्याने माझ्यासमोर फोन करून नाही सांगितलं. पुढच्या महिन्यात चारही बॅटऱ्या नव्या बसवून देतो, मग खुशाल चालव, असा शब्द दिला. आमच्या इथल्या भाषेत सांगायचं तर मजा पडी गई. मी संध्याकाळी शिरा केला, केळं घालून.

तुझ्या साहेबांनाही कळव.

मंदाआत्या


नाशिक
१८ डिसेंबर

आत्या,

अभिनंदन करायला पेन उचललं आणि थांबलो. रागावू नकोस, आधी नीट वाच.

एक बॅटरी बाद असेल तर मी लगेच मानलं असतं. दोन असत्या तरी मानलं असतं. चारही जणी एकाच वेळी, एकाच मापाने बाद, हे मला पटत नाही. मला वाटतं चूक मोजण्यात आहे, आणि ती माझी आहे, कारण एक गोष्ट लिहायची राहून गेली. बॅटरीपासून लोडपर्यंत तू कोणती वायर वापरलीस? आणि व्होल्टेज बघायला मीटर कुठे लावलास, बॅटरीच्या टोकांवर की तव्यापाशी?

वायर बारीक असली तर पाच अँपिअर वाहताना एखादं व्होल्ट वाटेतच खाऊन टाकते. म्हणजे बॅटरीपाशी साडेअकरा असतात आणि तव्यापाशी साडेदहा दिसतात. तू बॅटरी संपली म्हणून थांबतेस, पण तिच्यात अजून बराच जीव असतो. करंटसाठी जाड वायर घे. मीटरच्या दोन्ही वायरी मात्र वेगळ्या, थेट बॅटरीच्या टोकांवर लाव. आणि पुन्हा मोज.

शुभंकर


निजामपुरा
२७ डिसेंबर

शुभंकर,

वायर गणपतीच्या मखरातल्या दिव्यांच्या माळेची होती. दिवे गेलेले, वायर चांगली होती म्हणून जपून ठेवली होती. हात लावला तर कोमट लागायची, मला वाटलं तव्याची ऊब आहे. मीटर तव्यापाशीच होता.

तू सांगितलंस तशी जाड वायर आणली. मीटर बॅटरीच्या टोकांवर लावला. चारही पुन्हा मोजल्या. चौघीही साडेचार तास चालल्या.

बॅटऱ्या उत्तम आहेत.

विहंगला मी हे सांगितलेलं नाही. नव्या बॅटऱ्या जानेवारीच्या मध्यावर येतील. जुन्या काढून नव्या घातल्या तर कुणाचं काय बिघडतं, तूच सांग. मला किल्ली मिळते, त्याचं मन शांत राहतं. हे पत्र वाचून फाडून टाक.

मंदाआत्या


नाशिक
२ जानेवारी २०२६

आत्या,

पत्र फाडलं. पण माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

असल्या धडधाकट बॅटऱ्यांवर तुझी स्कूटर चाळीसेक किलोमीटर जायला हवी. फतेगंज तुझ्या घरापासून दोन पावलांवर आहे. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या होत्या आणि तरी भाजी आणून परत येताना ती मेली, तर बिघाड स्कूटरमध्ये दुसरीकडे कुठेतरी आहे. एखादा सांधा सैल असेल, तापत असेल. तसं असेल तर नव्या बॅटऱ्यांनी काही होणार नाही. ती पुन्हा बंद पडेल, पुन्हा डंपरच्या पुढ्यात पडेल. तेव्हा भला माणूस भेटेलच असं नाही.

म्हणून मला विचारायलाच हवं. त्या दिवशी तू किती फिरलीस? काहीही सांगितलंस तरी ते माझ्यापाशी राहील. मला फक्त तू सुखरूप हवी आहेस.

शुभंकर


निजामपुरा
१० जानेवारी

शुभंकर,

स्कूटरमध्ये काही बिघाड नाही. तू झोप स्वस्थ.

त्या दिवशी मी फतेगंजला गेलेच नव्हते. निघाले भाजीला हे खरं, पिशवी पुढे अडकवलेली होती. कोपऱ्यावर जिकडे वळायचं तिकडे न वळता दुसरीकडे वळले. का वळले ते आजही सांगता येणार नाही. गोरवा गेला, मग रिफायनरीचा रस्ता लागला, मग कोयली. तुझे काका तीस वर्षं कंपनीच्या बसने त्या रस्त्याने गेले आणि मी तो कधी पाहिला नव्हता. पुढे धुराडी मागे पडली, दोन्ही बाजूंना केळीची शेतं आली, वारा लागायला लागला. मी जातच राहिले. शेवटी सिंधरोटला महीनदी आडवी आली म्हणून थांबले. ती नसती तर गेले असते आणखी पुढे. काठावर बसून भाजलेल्या शेंगा खाल्ल्या आणि परत फिरले. बॅटरीचा काटा खाली आलेला दिसत होता, पण दुकानदाराने साठ किलोमीटर सांगितले होते, मी त्या साठावर विसंबले. म्हणून मला मनापासून वाटत होतं की बॅटऱ्या खराब आहेत. भाजी येताना गोरव्याच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर घेतली, फतेगंजची म्हणून.

खोटं का बोलले विचारशील. दवाखान्यात गेले असते, देवळात गेले असते, कुणाच्या साठीशांतीला गेले असते, तर खुशाल सांगितलं असतं. मला तिथे काही काम नव्हतं. बिनकामाची मी आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर पडले नाही रे. सासूबाई असताना नाही, तुझे काका असताना नाही. सदुसष्टाव्या वर्षी हे केलं आणि मला त्याची लाज वाटली. पण आनंदही इतका झाला होता की तो कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस गच्चीच्या खोलीत त्या तव्यासमोर बसले. हे यंत्र मी माझ्या हाताने बनवलं. ते खरं सांगतंय, आणि मी त्याला खोटं पाडून नव्या बॅटऱ्या घालून घेणार. मला ते सहन होईना. काल जेवताना विहंगला सगळं सांगून टाकलं.

त्याचा घास हातातच राहिला. कुणाला भेटायला गेली होतीस, विचारलं. कुणाला नाही. मग कुणी महाराज-बिहाराज? नाही. कुणा डॉक्टरकडे गेली होतीस आणि आमच्यापासून लपवतेस का? नाही रे बाबा. त्याला समजेच ना, आणि मला समजावता येईना. शेवटी तो म्हणाला, ‘म्हणजे बंद पडली ती तुझ्याच चुकीने.’

‘माझ्याच,’ मी म्हटलं. ‘पण विसरल्यामुळे नाही, लांब गेल्यामुळे. आता किती लांब जाऊन परत येता येतं, ते मी मोजलंय.’

मला वाटलं, गेली स्कूटर. नव्या बॅटऱ्याही गेल्या, किल्लीही गेली, आणि वर आईचं डोकं फिरलं हेही ठरलं. मी ताट उचलायला लागले. तेव्हा अवंती बोलली. स्कूटरबद्दल इतके महिने एक अक्षर न बोललेली अवंती.

‘आई, नदीला पाणी होतं हो?’

मी म्हटलं, होतं, भरपूर होतं.

‘लग्न होऊन इथे आले त्याला अकरा वर्षं झाली,’ ती म्हणाली. ‘शाळेतली नोकरी, घर, आणि मंगळवारचा बाजार. मी नाही पाहिली नदी. मला न्याल?’

विहंग तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. तो उठला आणि आत गेला. मला वाटलं चिडून गेला. परत आला तो किल्ली घेऊन. माझ्या हातात दिली नाही, दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवली आणि खाली बसून थंड झालेली आमटी वाढून घेतली. मला रडू आलं, ते मी तिखटावर ढकललं. नव्या बॅटऱ्या नको म्हणून त्याने आज सकाळीच कळवून टाकलं.

तर आता तुझं काम. मी एकटी असताना ती चाळीस जाते, हे तुझं गणित. मागे अवंती बसली तर करंट किती वाढेल? वजन विचारलं तर तिने कानात सांगितलं, अठ्ठावन्न, आणि विहंगना कळू देऊ नका म्हणाली. लोडवर पाचाच्या जागी किती लावून मोजू, ते उलट टपाली लिही. दोन मॉसफेट पुरतील की तिसरा बसवू, तेही लिही, तव्यावर जागा आहे. उत्तरायणाचा मांजा रस्त्यावरून उचलला गेला की पहिल्या रविवारी आम्ही दोघी सिंधरोटला निघणार आहोत, परतीसाठी चार्जर सोबत घेऊन. तिथे आमचं काही काम नाही.

मंदाआत्या